ओवीतला ईस्टर: साष्टीपासून श्रीरंगपट्टणपर्यंत

या धाग्याची सुरुवात एका प्रश्नाने झाली, म्हणून आधी तो प्रश्न.

आम्ही महाळुंगे इंगळे येथे राहतो. चाकण पट्ट्यातील इतर गावांप्रमाणे येथेही एकाच इमारतीत तिन्ही पाळ्यांची माणसे नांदतात. कोणी झोपी जात असतो तेव्हा कोणी डबा भरत असतो. आमच्याच मजल्यावर एक काका आहेत. मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातील, मराठी ख्रिस्ती कुटुंबातील. कंत्राटी कामगार. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांची लाइन बंद झाली आणि ईस्टर आला तरी दुसरे काम मिळाले नव्हते. अशा वेळी त्यांच्या मंडळीने ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत चार शब्द बोलण्याची जबाबदारी नेमकी त्यांच्यावर टाकली. मी इतिहास शिकतो हे ठाऊक असल्यामुळे ते जिन्यात मला थांबवून म्हणाले, "बाळा, ही गोष्ट मराठीत पहिल्यांदा कोणी सांगितली? आणि ज्यांना सांगितली, त्यांचे तरी दिवस बरे होते का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर परीक्षेत दोन गुणांचे आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधताना माझा महिना गेला.

मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास पुष्कळदा विल्यम कॅरीपासून सांगितला जातो. श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी 'नवा करार' १८११ साली बाहेर पडला. परंतु येशूच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतची आणि तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानाची सविस्तर कथा त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी, १६१६ साली, मराठीत छापली गेली होती. ग्रंथ: 'ख्रिस्तपुराण'. स्थळ: गोव्यातील साष्टी महालातले राचोल, म्हणजे जुने रायतूर. कर्ता: फादर थॉमस स्टीफन्स. (मुंबईजवळच्या साष्टी बेटाशी गल्लत नको. ही साष्टी मडगावची.)

ग्रंथाचे दोन भाग आहेत. 'पहिले पुराण' जुन्या कराराचे, 'दुसरे पुराण' येशूच्या चरित्राचे. दोन्ही मिळून सुमारे ११,००० ओव्या. पहिल्या पुराणातील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या अनेकांना परिचित असतात, आणि बहुतेकांची ओळख तेथेच संपते. आपल्याला मात्र दुसऱ्या पुराणाच्या अखेरीस, रिकाम्या कबरीपाशी जायचे आहे. त्यासाठी आधी साष्टीतून जावे लागेल, आणि ती वाट सुखाची नाही.

साष्टी आणि बारदेश हे महाल १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे एकामागून एक पाडण्यात आली. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली ती याच दशकात. आज आपण ज्यांना गोव्याची प्रसिद्ध देवस्थाने म्हणून भेट देतो, ती वस्तुतः निर्वासित दैवतांची घरे आहेत. मूर्ती घेऊन नदीपार गेले त्यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. मागे राहिले त्यांचा कमी ऐकतो. जमीन होती, म्हातारी माणसे होती, जायला ठिकाण नव्हते. अशी असंख्य माणसे राहिली आणि ख्रिस्ती झाली. कोणी भयाने, कोणी व्यवहाराने, कोणी श्रद्धेने. एकाच घरात ही तिन्ही कारणे नांदत असणार.

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला स्फोट झाला. देवळे गमावलेल्या आणि करांनी गांजलेल्या गावकऱ्यांनी, चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइट धर्मगुरूंना ठार मारले. त्यांत रुडॉल्फ ॲक्वाव्हिवा होता. अकबराच्या दरबारात, फत्तेपूर सिक्रीच्या धर्मचर्चांत भाग घेऊन परतलेला तोच ॲक्वाव्हिवा. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना वाटाघाटीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. या धर्मगुरूंचे देह ताब्यात घेऊन त्यांना मूठमाती देण्याचे काम साष्टीतील ज्या जेझुइटाकडे आले, तो चौतीस वर्षांचा इंग्रज म्हणजे थॉमस स्टीफन्स.

त्याचीही एक पार्श्वभूमी आहे. १५४९ मध्ये विल्टशायर परगण्यात त्याचा जन्म झाला. राणी एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे हाच संशयाचा विषय होता. त्याचा जिवलग मित्र थॉमस पाउंड याने आयुष्याची कित्येक दशके तुरुंगात काढली. स्टीफन्स देश सोडून रोमला गेला, जेझुइट झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. भारतात वास्तव्य केलेला तो पहिला ज्ञात इंग्रज. मायदेशी त्याच्या पंथाचा छळ होत होता आणि येथे तो ज्या सत्तेच्या आश्रयाला होता ती दुसऱ्यांचा छळ करीत होती. या विसंगतीविषयी त्याला काय वाटत असेल? त्याच्या लेखनावरून तरी तो आपल्या सत्तेच्या बाजूचाच माणूस होता असे मला वाटते. त्याला आजच्या अर्थाने सहिष्णू ठरवण्याचा मोह टाळलेला बरा.

तरीही त्याने जे केले ते साधे नव्हते. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग येतो. साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण नवख्रिस्ती उठतो आणि पाद्री गुरूला म्हणतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरे काही का देत नाही? प्रसंग कवीने रचलेला असो वा घडलेला, या प्रश्नातली पोकळी खरी आहे. पुराणश्रवण ही त्या गावांची संध्याकाळ होती. ती एकाएकी मुकी झाली होती. ज्यांनी ती मुकी केली, त्यांच्यापैकीच एकाने तीस-बत्तीस वर्षे भाषा घोटून तिच्यात पुन्हा आवाज भरला.

आणि कोणता आवाज? ओवीचा. कुंकळ्ळीच्या घटनेनंतर एका वर्षाने, १५८४ मध्ये, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. म्हणजे मराठी ओवी घाटावर नव्याने उजळत होती त्याच काळात हा परका तिच्यावर हात बसवत होता. साडेतीन चरणांची तीच चाल, गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून उलगडणारे तेच निरूपण. स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटले. देवनागरीतच ग्रंथ छापावा अशीही त्याची इच्छा होती. तसे खिळे पाडण्याची परवानगी त्याने १६०८ मध्ये रोमला, आपल्या संघाच्या प्रमुखाकडे, क्लॉडिओ ॲक्वाव्हिवाकडे मागितली. कुंकळ्ळीला मारला गेलेला रुडॉल्फ हा याच क्लॉडिओचा पुतण्या. खिळे काही झाले नाहीत. ग्रंथ रोमन अक्षरांत छापला गेला, आणि या गैरसोयीचे पुढे काय झाले ते थोड्याच वेळात पाहू.

आता ईस्टर. येथे जरा थांबायला हवे, कारण त्या श्रोत्यांच्या जागी बसून विचार केल्याखेरीज या कथेचा धक्का समजत नाही. पुराण ऐकणाऱ्याला अवतारकथेची घडण पाठ असते. पृथ्वी त्रस्त होते, देव अवतरतो, दुष्टाचा संहार होतो. कंस मरतो, रावण मरतो. साष्टीतल्या चर्चमध्ये बसलेल्या माणसाला तीच ओवी, तीच भाषा, तेच वैकुंठ ऐकू येत होते. पण येथे संहार अवतारी पुरुषाचाच झाला. शिष्य पळाले. मारणारे राज्यकर्ते होते, त्यांच्याजवळ सैनिक होते, निवाडा करणारे न्यायासन होते. प्रेत मागून घ्यावे लागले आणि घाईने पुरावे लागले.

असोळण्याच्या किल्ल्यातून ज्यांचे आजे परत आले नाहीत, त्या गावांजवळ ही कथा वाचली जात होती. राज्यकर्त्यांनी मारलेला, न्यायासनाने दोषी ठरवलेला, सैनिकांच्या पहाऱ्यात गाडलेला माणूस. तो श्रोता मनात कोणाचे चेहरे पाहत असेल, यावर स्टीफन्सचा ताबा असणे शक्य नव्हते. याचा कागदोपत्री पुरावा मिळणार नाही; साष्टीच्या शेतकऱ्याने रोजनिशी लिहिलेली नाही. पण कथा एकदा लोकांच्या भाषेत उतरली की ती सांगणाऱ्याच्या हेतूएवढीच राहत नाही, हे तर मराठी माणसाला ज्ञानेश्वरीपासून ठाऊक आहे.

आणि मग तिसऱ्या दिवसाची पहाट. चारही शुभवर्तमानांत या पहाटेची एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. थडग्यातून बाहेर येण्याचा क्षण कोणी पाहिलेलाच नाही. सुगंधी द्रव्ये घेऊन आलेल्या स्त्रिया पोहोचतात तेव्हा धोंडा सरकलेला असतो. मग्दालिया मरीया रडत उभी असते आणि समोर उभ्या असलेल्याला बागेचा माळी समजते. त्याने नावाने हाक मारल्यावर तिला ओळख पटते. येथे पिलाताला शिक्षा होत नाही. रोमन राज्य पडत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच सैनिक, तेच कर. शिष्य दारे लावून बसलेले असतात, आणि जे काही घडते ते त्या बंद दाराआड घडते. सत्तेच्या विजयोत्सवाला उपयोगी पडेल अशी ही कथा नव्हे. जिच्या घरी माणूस गेला आहे तिला मात्र ती लगेच कळते.

'ख्रिस्तपुराण' रविवारी आणि सणांना चर्चमध्ये वाचले, गायले जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. त्या काळात असा जाडजूड ग्रंथ तीनदा छापला जाणे म्हणजे श्रोते मोठ्या संख्येने होते. स्टीफन्स १६१९ मध्ये वारला होता. त्याच्या मागेही ग्रंथ चालू राहिला.

आता या वाचकवर्गाच्या आवडीचे वर्ष. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली. जुवे बेट घेतले. जानेवारी १६८४ मध्ये मोगल फौजेच्या हालचालींमुळे ते मागे फिरले. त्या स्वारीत पोर्तुगीज सत्तेचा श्वास अडकला होता. सहाच महिन्यांत, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटने आदेश काढला की प्रजेने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. दोन्ही घटनांचा थेट कार्यकारणभाव किती, यावर वाद घालता येईल. पण प्रजेच्या भाषेकडे शत्रूची भाषा म्हणून पाहण्याची ती वेळ होती, यात मला शंका वाटत नाही.

म्हणजे पाहा, ज्यांना सत्तेने जुना देव सोडायला लावला, त्यांना तिनेच नव्या देवाची कथा त्यांच्या भाषेत दिली. आणि सत्तर वर्षांनी तीच सत्ता म्हणाली, आता ती भाषाही सोडा. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने तर दारात तुळस लावणे आणि मिठाशिवाय भात शिजवणेसुद्धा निषिद्ध ठरवले. १७४५ मध्ये आर्चबिशपांचे पत्रक निघाले की पोर्तुगीज येत नसेल त्याचे लग्न लावू नये. 'ख्रिस्तपुराणा'ची चौथी आवृत्ती निघाली नाही. जुन्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. एकही नाही.

मग ग्रंथ वाचला कसा? पळालेल्या माणसांनी वाचवला.

इन्क्विझिशन, दुष्काळ, साथी, कर आणि लढाया यांना कंटाळून सतराव्या-अठराव्या शतकांत गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला, केळदीच्या नायकांच्या राज्यात, आजच्या मंगळूर-उडुपीच्या परिसरात जात राहिली. त्यांच्या सामानात हस्तलिखिते होती. कोकणी बोलणाऱ्या, कानडी मुलखात राहणाऱ्या या लोकांनी रोमन अक्षरांतील मराठी पुराण पिढ्यान्पिढ्या नकलून ठेवले. देवनागरी खिळे न मिळाल्याची गैरसोय येथे उपयोगी पडली. ज्यांना बाळबोध लिपी शिकण्याची सोय नव्हती, त्यांनाही चर्चमुळे परिचित असलेली ही अक्षरे वाचता येत होती.

काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचे सर्वात कठोर उत्तर याच लोकांच्या वाट्याला आले. दुसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध संपत असताना, फेब्रुवारी १७८४ मध्ये, टिपू सुलतानाने कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजाला इंग्रजांना साहाय्य केल्याच्या आरोपावरून सामूहिक रीत्या अटक केली. समाजाच्या स्मृतीत तो दिवस राखेच्या बुधवारचा आहे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. कपाळावरच्या राखेसह माणसे घराबाहेर काढली गेली. चर्चे पाडली, धर्मगुरूंना हद्दपार केले आणि बायकापोरांसह सारा समाज घाट चढवून श्रीरंगपट्टणला नेला. बंदिवानांचे आकडे ३०,००० पासून ८०,००० पर्यंत सांगितले जातात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. वाटेत आणि पुढे तेथे मेलेल्यांची संख्या मोठी होती, पुष्कळांचे धर्मांतर झाले, तरुण फौजेत भरले गेले. (टिपूवर येथे भांडण सुरू होणार हे मला ठाऊक आहे. कृपया आज बंदिवानांविषयी बोलू.)

त्या वर्षी ईस्टर ११ एप्रिलला होता. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि उरलेले लोक परत निघाले. मधे मोजले तर सोळा ईस्टर येतात. चर्च नाही, पाद्री नाही, मिस्सा नाही. मंगळूरच्या समाजाची परंपरा सांगते की या वर्षांत पुराणाच्या ओव्यांनीच श्रद्धा तगवली. परंपरा ही परंपरा असते. तिला दस्तऐवज म्हणता येत नाही. पण व्यवहाराने विचार केला तर ती पटते. जेथे पुस्तक बाळगणे धोक्याचे, तेथे पाठ असलेली ओवी बाळगता येते. धर्मगुरूविना मिस्सा होत नाही. ओवी आजी म्हणू शकते. लॅटिन प्रार्थनांना जे जमले नसते ते मराठी छंदाने केले असावे, असे मला वाटते.

परत आलेल्यांच्या वंशजांच्या घरांतील हस्तलिखिते जमवून जोसेफ सल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला हा ग्रंथ रोमन लिपीत पुन्हा छापला. १६५४ नंतर अडीचशे वर्षांनी. पुढे शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. स्टीफन्सला ज्या अक्षरांत ग्रंथ छापायचा होता, ती त्याला ३४० वर्षांनी मिळाली.

मधे आणखी एक शोध लागला, आणि तो सांगितल्याशिवाय महाळुंग्यात बसून हा धागा पुरा करणे मला जमणार नाही. १९२० च्या दशकात लंडनमधील मार्सडेन संग्रहात 'ख्रिस्तपुराणा'चे देवनागरी हस्तलिखित सापडले. स्टीफन्सची मूळ संहिता तीच, की नंतरचे संस्करण, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ते शोधणारे जस्टिन ॲबट अमेरिकन मराठी मिशनचे. याच ॲबटांनी महीपतींच्या संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरे केली. १९३० साली त्यांचे तुकारामांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेराव्या दिवशी वर आल्याची कथा ज्याने जगाला इंग्रजीत सांगितली, त्याच्याच हाती हे दुसरे बुडालेले मराठी पुस्तक आले. तो डोह आमच्या इमारतीपासून दुचाकीने अर्ध्या तासाच्या आत आहे.

यांतले अर्धेअधिक मी त्या वेळी काकांना सांगू शकलो नव्हतो. मलाच ठाऊक नव्हते. शनिवारी रात्री मी त्यांना बंडेलूंच्या आवृत्तीतील पुनरुत्थानाच्या प्रसंगाची छायाप्रत दिली, एवढेच. ते चष्मा लावून पायरीवर बसले. चारशे वर्षांपूर्वीची भाषा, ते अडखळू लागले. मग त्यांनी कागद जरा दूर धरला आणि गावाकडे सप्ताहात ऐकलेल्या ज्ञानेश्वरी पारायणाच्या चालीवर पहिली ओवी लावून पाहिली. बसली. दुसरीही बसली. वरच्या मजल्यावरचा एक जण रात्रपाळीला निघाला होता, तो जिन्यात थबकला आणि विचारू लागला, "काका, हा कोणता अध्याय?"

काकांनी कागद उलटून पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि त्याला जागा करून दिली.